गुडघ्याची तीन लिगामेंट तुटली आहेत, ऑपरेशन लगेच करावं की थांबावं?

प्रश्न: माझा भाऊ २३ वर्षांचा आहे, कबड्डी खेळतो. आठ दिवसांपूर्वी बाइकवरून पडला आणि गुडघा निखळला. कॅज्युअल्टीत तो बसवला. एमआरआयमध्ये एसीएल, पीसीएल (सांध्याच्या आत हाडं जोडणारी पुढची आणि मागची लिगामेंट) आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट तुटल्याचं आलं. एक डॉक्टर म्हणतात या आठवड्यातच ऑपरेशन करू, दुसरे म्हणतात सूज उतरू द्या. ऋषभ पंतचं तर आठवड्याभरात झालं होतं. कोणाचं ऐकावं? तो परत खेळेल का?

उत्तर:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कबड्डी आणि कुस्ती खेळणारी बरीच मुलं ऑपरेशननंतर माझ्याकडे येतात. एमआरआय आणि पाय न बघता कोणत्या डॉक्टरांचं बरोबर हे मी सांगणार नाही, पण दोघंही बरोबर असू शकतात. ते कसं, ते सांगतो.

त्याआधी रक्तपुरवठ्याचं बोलू, कारण गुडघा निखळला होता असं तुम्ही लिहिलंय. गुडघ्याच्या मागून पोटरीकडे जाणारी मोठी धमनी वर आणि खाली घट्ट बांधलेली असते. गुडघा निखळला की तिला सरकायला जागा उरत नाही. ती ताणली जाते, कधी तिचं आतलं अस्तर फाटतं, आणि तरीही पावलावर नाडी लागू शकते. म्हणून घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९ च्या खाली आलं तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन करतात. रक्त पूर्ण थांबलं तर हाताशी जेमतेम सहा ते आठ तास असतात, त्यानंतर पाय वाचवणं फार कठीण होतं. आठ दिवस झाले आहेत म्हणजे मोठा धोका बहुधा टळलाय, तरी ही तपासणी झाली होती का ते डिस्चार्ज कार्डावर बघा आणि नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पाऊल गार पडलं, रंग बदलला, किंवा पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली, तर सकाळची वाट बघू नका.

आणखी एक, त्याला पंजा आणि अंगठा वर उचलायला सांगा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या बारीक हाडाला वळसा घालून एक नस (मज्जातंतू) जाते. त्या बाजूचं लिगामेंट तुटताना ती नसही ताणली जाऊ शकते, मग पाऊल लोंबतं. तसं असेल तर ते ऑपरेशनआधी कागदावर नोंदवलेलं असू द्या आणि पावलाला आधार देणारा स्प्लिंट आत्तापासूनच लावा, नाहीतर घोटा खाली आखडून बसतो.

आता वेळेबद्दल. बाहेरच्या आणि मागच्या कोपऱ्यातल्या ऊती पहिल्या तीनेक आठवड्यांत वेगवेगळ्या ओळखता येतात. पुढे सगळं जखमेच्या व्रणात एकमेकांना चिकटतं आणि ती नस शोधून बाजूला घेणंही अवघड जातं. लवकर करू म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या डोक्यात हे असतं. उलट, अगदी ताज्या जखमेत सांध्याचं आवरणही फाटलेलं असतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सांध्यात पाणी सोडावं लागतं, ते अशा वेळी पोटरीत झिरपू शकतं. शिवाय सुजलेल्या, न वाकणाऱ्या गुडघ्यावर मोठं ऑपरेशन केलं की तो नंतर जाम होण्याची भीती असते. थांबू म्हणणारे हा विचार करतात. काही सर्जन मधला मार्ग काढतात, म्हणजे बाहेरची बाजू आधी आणि आतली क्रूसिएट लिगामेंट (एसीएल आणि पीसीएल) काही आठवड्यांनी.

या विषयावरचं संशोधन किती छोट्या आकड्यांवर उभं आहे, हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. अशी दुखापत दुर्मीळ असते, त्यामुळे एकाच जागी शेकडो पेशंट जमत नाहीत. बाहेरचा कोपरा नुसता शिवावा की टेंडनचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचा) तुकडा ग्राफ्ट म्हणून घालून नवा बनवावा, या प्रश्नावर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या ब्रूस लेव्ही आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास सतत सांगितला जातो. त्यात शिवलेल्या १० गुडघ्यांपैकी ४ पुन्हा सैल झाले, ग्राफ्ट घातलेल्या १८ पैकी १. एकूण २८ गुडघे! तरी ग्राफ्टकडे कल वळला, कारण इतरांच्या अभ्यासातही तोच सूर निघाला. लवकर की उशिरा, आणि ऑपरेशननंतर पायावर भार कधी द्यायचा, हे ठरवण्यासाठी पिट्सबर्ग विद्यापीठाच्या पुढाकाराने अनेक केंद्रांनी मिळून 'स्टार' नावाची चाचणी हाती घेतली ती याच कारणाने. तेव्हा दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडलं म्हणून घाबरू नका. दोघांनाही एकच प्रश्न विचारा: अशी दोन-तीन लिगामेंट तुटलेली किती ऑपरेशनं तुम्ही स्वतः करता? नुसत्या एसीएलचा हात वेगळा आणि याचा वेगळा. माझ्या मते जास्त अनुभव असलेल्या सर्जनकडे जायला आठवडा-दहा दिवस गेले तरी चालतील, तीन आठवड्यांची ती मर्यादा मात्र ध्यानात ठेवा.

पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ ला झाला आणि ६ जानेवारी २०२३ ला मुंबईत डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी त्याचं ऑपरेशन केलं. हा आठवडा सगळ्यांना पाठ आहे. पण तो पुन्हा सामना खेळला मार्च २०२४ मध्ये. जवळजवळ पंधरा महिने रोजचा व्यायाम हेच त्याचं काम होतं, दिमतीला बंगळुरूची क्रिकेट अकादमी होती. तुमच्या भावाला हे पंधरा महिने घरून, कामधंदा सांभाळून काढायचे आहेत. ऑपरेशनच्या खर्चाची जुळवाजुळव करताना फिजिओचे, येण्या-जाण्याचे आणि बुडालेल्या पगाराचे पैसेही धरा.

पहिले साधारण सहा आठवडे कुबड्या आणि ब्रेस. नवं बसवलेलं पीसीएल पक्कं होईपर्यंत मांडीच्या मागच्या स्नायूने जोर लावून गुडघा वाकवायचा नाही, कारण तो स्नायू नडगी मागे ओढतो. घरी कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं बरेच महिने बंद. खरा धोक्याचा काळ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येतो. तोवर दुखणं थांबलेलं असतं, मुलगा घरात बिनधास्त फिरायला लागतो, आणि नेमका तेव्हाच ग्राफ्ट सगळ्यात कमजोर असतो. घरातल्या माणसांनी त्याला तेव्हा धरून ठेवायचंय.

कबड्डीचं खरं उत्तर देतो. नुसतं एसीएल तुटलेल्या खेळाडूंवर नॉर्वे आणि अमेरिकेत झालेल्या २०१६ च्या अभ्यासात, मैदानावर परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितकं लांबवलं तितकं बरं ठरलं. दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटत गेलं. तुमच्या भावाची तीन लिगामेंट आहेत, त्यामुळे एक वर्ष हा माझ्यासाठी कमीत कमी आकडा आहे. अशा दुखापतीनंतर निम्म्याच्या आसपास लोक कुठल्या तरी खेळाकडे परततात, पूर्वीच्या पातळीवर त्याहून खूप कमी. चढाईत एका पायावर गर्रकन वळायचं असतं आणि पकडीत समोरचे तिघं-चौघं त्याच पायावर पडतात. दोन्ही पायांची ताकद आणि एका पायावरच्या उड्या मोजून, दुखरा पाय चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत आल्याशिवाय मी कुणालाही मॅटवर जाऊ देत नाही. चालणं, जिने, बाइक, काम हे बहुतेकांना जमतं. हे सगळं त्याला ऑपरेशनच्या आधीच सांगा. सहा महिन्यांत खेळू असं मनात धरलेली मुलं सातव्या महिन्यात निराश होऊन व्यायाम सोडतात, आणि मग चांगलं झालेलं ऑपरेशनही वाया जाताना मी पाहिलंय.