पेंटॅक्सच्या लेन्समधलं जाळं

प्रश्न: दादा, माळा आवरताना बाबांचा पेंटॅक्स के१००० सापडला, चामड्याच्या कव्हरसकट. लेन्सच्या आत जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. सोबत २००३ला एक्स्पायर झालेला २०० आयएसओचा (म्हणजे रोल उजेड किती पटकन टिपतो त्याचा आकडा) कलर रोलपण आहे. कॅमेरा चालेल का शोपीस म्हणून ठेवू? चोरबाजारातून अजून एकदोन घ्यायचाही विचार आहे.
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: शोपीस कशाला! हा कॅमेरा १९७६ ते १९९७ बनत होता, आत सगळं यांत्रिक, सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरला, म्हणजे सेल मेला तरी फोटो निघणारच. (मीटरला बंद करायचं बटणच नाहीये बरं का, लेन्सवर झाकण नाही लावलं की सेल खल्लास.)

जाळं म्हणताय ती बुरशी. आपल्याकडचा पाऊस आणि वर ते चामडं, ओल धरून ठेवतं, मग दुसरं काय होणार. लेन्स काढा आणि मोबाईलचा टॉर्च तिरका मारून बघा, कडेला दोनचार धागे असले तर फोटोत कळतही नाही, पण मधोमध पसरली असेल तर उजेडासमोरचे फोटो धुरकट येतात, मग मेकॅनिककडून साफ करून घ्या, स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका. बुरशीने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर ते काही परत येत नाही, सरळ दुसरी ५० एमएमची लेन्स बघा, के माउंटच्या, म्हणजे या कॅमेऱ्याला बसणाऱ्या, जुन्या लेन्स मिळतात.

मागचं दार उघडून कडेचा काळा फोम बघा. बोटाला चिकटून आला तर बदलायलाच हवा, नाहीतर आत उजेड शिरून फोटोवर केशरी पट्टे.

चोरबाजार नंतर. कपाटात दहा बंद कॅमेरे ठेवणाऱ्याला मी तरी हौशी म्हणत नाही, आधी यात एक रोल मारा, तलावपाळीवर सकाळच्या उन्हात. लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची खुंटी फिरतेय ना ते बघत जा, नसेल फिरत तर रोल आत अडकलाच नाहीये आणि तुम्ही नुसतेच क्लिक करताय.

हा पहिला रोल मात्र नवा घ्या. जुन्यावर फोटो खराब आले तर दोष कॅमेऱ्याचा का रोलचा, कळणार कसं? जुना नंतर वापरा, दर दहा वर्षांना एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, जास्त उजेड असा ढोबळ हिशोब असतो, तुमच्या रोलला वीस वर्षं उलटली म्हणजे दोन स्टॉप, म्हणून २०० चा रोल ५० चा समजून आयएसओची डायल लावा. रंग कसे येतील याची गॅरंटी मी देत नाही.