चाचणी ‘स्थगित’ झाली म्हणजे नेमकं काय झाकलं?

प्रश्न असा आला आहे: “नव्या औषधाची चाचणी ठरल्या मुदतीआधीच कायमची थांबवली, तर ‘चाचणी स्थगित’ म्हणावं की ‘चाचणी रद्द’? काही ठिकाणी ‘चाचणी फसली’ असंही वाचलं. यातलं बरोबर काय?”

तिन्ही चूक. त्यातलं ‘फसली’ तर मला वाचवत नाही, म्हणून आधी तेच निकालात काढतो.

औषध गुणकारी आहे की अपायकारक, हे कळावं म्हणून चाचणी असते. उत्तर ‘अपायकारक’ असं आलं तर औषध नापास झालं, चाचणी नव्हे. माल वजनात कमी भरला म्हणून तराजू फसला असं आपण कधी म्हणत नाही. अमेरिकेत १९८७ साली ‘कास्ट’ नावाची चाचणी सुरू झाली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या काही रुग्णांच्या नाडीत मधूनच जादा ठोके पडतात. ते ठोके दाबले की अचानक येणारा मृत्यू टळेल, अशी डॉक्टरांची समजूत होती आणि ठोके दाबणारी औषधं सर्रास दिली जात होती. एप्रिल १९८९ मध्ये चाचणीतला फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड या दोन औषधांचा भाग तडकाफडकी थांबवावा लागला. पुढे छापून आलेले आकडे असे: औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, प्लासिबो (औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी) घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. रुग्णांवर लक्ष ठेवण्याचा काळ सरासरी अवघा दहा महिने. ठोके दबत होते आणि माणसं जात होती. फसली होती ती समजूत. चाचणीनं ती उघडी पाडली आणि पुढचे किती जीव वाचवले! तिला ‘फसली’ म्हणणं हा अन्याय आहे.

शिवाय मुदतीआधी थांबवणं म्हणजे दर वेळी वाईटच बातमी असंही नाही. सप्टेंबर १९८६ मध्ये एड्सवरच्या एझेडटी या औषधाची चाचणी थांबवली तेव्हा २८२ रुग्णांपैकी प्लासिबोच्या गटात १९ मृत्यू झाले होते आणि औषधाच्या गटात १. मग प्लासिबो चालू ठेवायचा कुणासाठी? उरलेल्यांनाही औषध मिळावं म्हणून चाचणी थांबवली. हिलाही ‘फसली’ म्हणणार का?

‘रद्द’ झटपट उरकतो. अरबी ‘रद्द’ म्हणजे परत धाडणं, नाकारणं. रद्द केलेली गोष्ट झालीच नाही असं धरतात. रद्द केलेलं तिकीट, रद्द केलेला ठराव. शेकडो माणसांनी महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्या, रक्त दिलं, काहींनी प्राण गमावले, ते झालंच नाही असं कसं धरणार? एकही रुग्ण घेण्याआधी बेत सोडून दिला तर खुशाल ‘रद्द’ म्हणा. ‘बंद पडली’ हेही नको. बंद पडतं ते घड्याळ किंवा यंत्र, आपोआप. चाचणी कुणीतरी, आकडे समोर ठेवून, विचारपूर्वक बंद ‘करतं’. ‘पडली’ म्हटलं की निर्णय घेणारा माणूसच वाक्यातून नाहीसा होतो.

आता ‘स्थगित’. या शब्दावर माझं खरं प्रेम आहे, म्हणून त्याचा गैरवापर अधिक लागतो.

बहुतेक जण, आणि त्यात चांगले भाषाशिक्षकही आले, ठासून सांगतात की हा शब्द ‘स्था’ धातूचा, म्हणजे ‘उभं राहणं, थांबणं’. अर्थ जुळतो म्हणून व्युत्पत्ती जुळवून टाकली! मग तो मधला ‘ग’ कुठून आला, हे त्यांनी सांगावं. ‘स्था’चं रूप ‘स्थित’ होतं, ‘स्थगित’ कधीच होत नाही. हा वेगळा धातू आहे, ‘स्थग्’, आणि धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ दिला आहे ‘संवरणे’. झाकणं, लपवणं. स्थगित म्हणजे मुळात झाकलेलं. झाकलेल्यावरून बंद केलेलं (दारासारखं), आणि बंद केलेल्यावरून अडलेलं, थांबलेलं, असा अर्थाचा प्रवास झाला आहे.

या धातूचा गोतावळा बघा. सुश्रुतानं आपल्या संहितेच्या सूत्रस्थान या भागात जखमेला पट्टी बांधायचे चौदा प्रकार सांगितले आहेत, त्यात एक आहे ‘स्थगिका’. अंगठ्याच्या आणि बोटांच्या टोकाला टोपीसारखी बसवायची पट्टी. वैद्यकात हा धातू असा पहिल्यापासून आहे, आणि तिथे तो जखम झाकून तिला जपण्याचं काम करतो. विड्याच्या डब्यालाही संस्कृतात ‘स्थगी’ म्हणतात, कारण त्याला झाकण असतं.

आणि याच धातूचा दुसरा मुलगा ‘ठग’. संस्कृतात ‘स्थग’ म्हणजे लबाड, खरं रूप झाकून वावरणारा. मराठीत तो ‘ठक’ही झाला. ‘ठकास महाठक’ आपण रोज म्हणतो. यावर काही कोशकारांचा आक्षेप मला माहीत आहे: ‘ठग’ हाच मूळचा देशी, म्हणजे संस्कृतातून न आलेला शब्द, आणि ‘स्थग’ हे पंडितांनी त्याला मागाहून चढवलेलं संस्कृत सोंग. मला हे पटत नाही. ‘स्थ’चा ‘ठ’ होणं आपल्याकडे पावलोपावली दिसतं: स्थान–ठाणं, उत्थान–उठणं. आणि झाकण्यावरून फसवण्याकडे जाणारी वाट तर मराठीनं स्वतंत्रपणे पुन्हा तुडवली आहे. ‘कुणाच्या अपराधावर पांघरूण घालणं’ म्हणजे काय? ‘झाकपाक’ म्हणजे काय? ध्वनी जुळतो, अर्थ जुळतो, तरी देशीचा हट्ट कशासाठी?

हीच वाट पश्चिमेकडेही जाते. ‘स्थग्’चेच भाऊबंद तिथल्या भाषांत आहेत. ग्रीकमध्ये ‘स्तेगे’ म्हणजे छप्पर. पाठीवर कौलं रचल्यासारखी हाडं असलेला तो प्राचीन स्टेगोसॉरस म्हणजे छपराचा सरडा. लॅटिनमध्ये ‘तेगेरे’ म्हणजे झाकणं. त्यावरून इंग्रजीत दोन शब्द आले. एक ‘प्रोटेक्ट’, पुढून झाकणं, म्हणजे रक्षण करणं. दुसरा ‘डिटेक्ट’, झाकण काढणं, म्हणजे छडा लावणं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ताडकन उठून बसलो होतो. कारण औषधाच्या चाचणीवर नजर ठेवणारी जी स्वतंत्र देखरेख समिती असते तिची कामं हीच आहेत! भाग घेणाऱ्यांचं रक्षण करायचं, अपायाचा छडा लावायचा आणि वेळ आली तर चाचणी थांबवायची. रक्षण, छडा, स्थगिती. तिन्हींच्या पोटात एकच धातू.

इथेच थोडा थांबतो, कारण चाचणीत खरोखरच काहीतरी झाकलेलं असतं. अशा बऱ्याच चाचण्यांत कोणत्या डबीत औषध आणि कोणत्या डबीत प्लासिबो, हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि डॉक्टरलाही. डब्यांवर फक्त क्रमांक. कोणता क्रमांक कशाचा हे सांगणारी यादी, म्हणजे त्यांची किल्ली, कुलूपबंद. समिती तेवढी ठरल्या वेळी मधूनच आकडे उघडून बघते, आणि तेही जपून, कारण सुरुवातीचे आकडे फसवे असतात. पहिल्या काही महिन्यांत औषधाच्या बाजूनं पारडं नुसत्या योगायोगानं झुकू शकतं. म्हणून लवकर थांबवायचं तर पुरावा फार कडक मागतात. एवढं करूनही गुण दिसला म्हणून लवकर थांबवलेल्या चाचण्यांत तो गुण प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसण्याचा धोका राहतोच. शेवटी निर्णय झाला की किल्ली बाहेर काढतात आणि कुणाला काय मिळालं ते उघड होतं. म्हणजे मुदतीआधी कायमची थांबवलेली चाचणी ही धातूच्या अर्थानं स्थगितच्या नेमकी उलट असते. तिथे झाकण उघडलेलं असतं!

खरोखर ‘स्थगित’ झालेली, झाकून ठेवलेली चाचणी हवी असेल तर तीही आहे. लॉरकेनाइड हे ‘कास्ट’मधल्या औषधांसारखंच ठोके दाबणारं औषध. त्याची छोटी चाचणी १९८० मध्ये झाली. शंभराहून कमी रुग्ण, औषधाच्या गटात ९ मृत्यू, प्लासिबोच्या गटात १. संशोधकांना तो योगायोग वाटला. पुढे व्यापारी कारणांनी औषध सोडून देण्यात आलं आणि निकाल छापलाच गेला नाही. तो छापला १९९३ मध्ये, म्हणजे ‘कास्ट’चा तो भाग थांबल्यावरही चार वर्षांनी. आणि हा निकाल वेळीच धोक्याची सूचना देऊ शकला असता, असं त्या संशोधकांनीच लिहिलं. मधली तेरा वर्षं तो आकडा झाकलेला होता. हेतू वाईट नव्हता, तरी झाकण्यानं जे व्हायचं ते झालंच.

मग आजच्या मराठीत ‘स्थगित’ वापरायचाच नाही का? वापरा, पण त्याच्या जागी. झाकून ठेवलेली वस्तू झाकणाखाली शाबूत असते, पुन्हा उघडता येते. म्हणून स्थगित म्हणजे तात्पुरतं थांबवलेलं, पुढे सुरू होण्याची शक्यता राखलेलं. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तसं. सप्टेंबर २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या कोरोना लशीची चाचणी एका स्वयंसेवकाच्या आजारपणामुळे थांबवली होती. तपास झाला आणि ब्रिटनमध्ये आठवड्याच्या आत ती पुन्हा चालू झाली, अमेरिकेत ऑक्टोबरमध्ये. ही स्थगिती. त्या दिवसांत बातम्यांत ‘रद्द’ वाचून कितीजण घाबरले असतील!

हा भेद मला पुस्तकात कळला नाही. मी काही काळ चाचणीत भाग घेतलेल्या रुग्णांना द्यायच्या पत्रांचं मराठी तपासून देत असे. ओळखीच्या एका काकूंनी आपलं आलेलं पत्र माझ्यापुढे धरलं. ते मी तपासलेलं नव्हतं. त्यात वाक्य होतं: ‘सदर चाचणी स्थगित करण्यात येत असून आपल्या सहभागाबद्दल आभारी आहोत.’ काकूंनी विचारलं, “मग परत कधी बोलावतील?” त्यांनी उरलेल्या गोळ्यांची पाकिटं रबर लावून, तारखा लिहून, कपाटात नीट ठेवली होती. औषधाचा उपयोग होत नाही म्हणून चाचणी कायमची थांबली होती, आणि काकू पाच महिने बोलावण्याची वाट बघत होत्या. त्यांची काहीच चूक नव्हती. त्यांनी ‘स्थगित’ बरोबर वाचला होता. लिहिणाऱ्यानं चूक लिहिला होता.

मूळ प्रश्नाकडे वळतो. कायमची, मुदतीआधी थांबवली, तर काय म्हणावं? ‘मुदतीआधी थांबवली’ हेच साधं उत्तर आहे आणि ते पुरेसं आहे. ‘मुदतपूर्व समापन’ वगैरे कचेरीतल्या फायलीत शोभेल, माणसांना सांगताना नको. ‘गुंडाळली’ नको, त्यात चोरटेपणाचा वास येतो. पण एक अस्सल मराठी शब्दप्रयोग मला सगळ्यात आवडतो: ‘चाचणी आवरती घेतली’. आवरतं घेणं म्हणजे वेळेआधी पण रीतसर संपवणं, पसारा जागच्या जागी लावून. उरलेल्या गोळ्या परत घेणं, रुग्णांची शेवटची तपासणी करणं, आकडे नीट मांडून छापणं हे सगळं त्यात येतं. आणि गंमत बघा, ‘आवरणे’ आला आहे ‘आ + वृ’वरून, म्हणजे पुन्हा झाकणंच, ‘आवरण’ तिथलंच. धातुपाठानं ‘स्थग्’चा अर्थ सांगताना वापरलेला ‘संवरण’ हा शब्दही त्याच ‘वृ’चा, आणि त्यावरून आपला ‘सावरणे’. म्हणजे चाचणी आवरा म्हणा किंवा स्थगित करा म्हणा, मुळाशी एकच कल्पना. फरक आजच्या वापरानं केला आहे, आणि आजचा वापरच पाळायचा असतो. व्युत्पत्तीच्या जोरावर कुणी ‘स्थगित म्हणजे फक्त झाकलेलं’ असं म्हणू लागला तर त्यालाही मी विरोधच करीन.

जाता जाता आणखी एक. ‘डबल ब्लाइंड’चं ‘दुहेरी अंध चाचणी’ करणं थांबवा. यात कुणी आंधळं नसतं. माहिती झाकलेली असते, रुग्णापासून आणि डॉक्टरपासून. ‘दोन्हीकडून झाकलेली चाचणी’ म्हणा, एका दमात कळेल.

काकूंच्या पत्राच्या जागी मी नंतर जो नमुना करून दिला तो असा होता: ‘ही चाचणी आम्ही ठरल्या मुदतीआधी कायमची थांबवत आहोत, कारण या औषधाचा उपयोग होत नाही असं आकड्यांवरून दिसलं. ती पुन्हा सुरू होणार नाही. पुढच्या भेटीला उरलेल्या गोळ्या घेऊन या. तुम्हाला औषध मिळत होतं की प्लासिबो, ते त्या दिवशी सांगू.’