लकव्यानंतर मणक्यात स्टेम सेल सोडून घ्यावेत का?

शेताचा तुकडा विकायचं मनात असेल तर ते आधी डोक्यातून काढा. वडिलांना लकवा होऊन दीड वर्ष झालं, शिबिरातल्या डॉक्टरांनी मणक्यातून स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी, सोडून हात मोकळा करून देतो म्हणून काही लाख सांगितलेत, एवढंच तुम्ही लिहिलंय. पुढचं मला तोंडपाठ आहे. आमच्या आप्पांच्या वेळी हेच झालं.

आम्ही अमळनेरकडचे. मी बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. केलेली, दादा शेती बघतो. मी सांगितलं, हे लोक कमरेच्या हाडातला मगज काढून तोच मणक्यातून सोडतात. त्यातल्या पेशी रक्त तयार करणाऱ्या, त्यांचा मेंदू होत नाही. भावकीसमोर दादा म्हणाला, "तुले काय समजस त्यामा? तू काय डॉक्टर शे?" झालं. कापसाचे पैसे आले तसे मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात गेले. आप्पा डोकेदुखी आणि मेंदूचं चकचकीत चित्र असलेली फाइल घेऊन परत आले.

पुढे ते काठी धरून ओट्यापर्यंत चालायला लागले. दादा आजही सांगतो, इंजेक्शनचा गुण. अरे, रोज दुपारी कोण बसायचं त्यांच्यासमोर? फिजिओथेरपीवाल्यानं सांगितलं तसं माय त्यांचा चांगला हात उपरण्यानं बांधायची आणि पुढ्यात भुईमुगाच्या शेंगा टाकायची. अंगठा टरफलावरून घसरायचा, मग आप्पा शेंग मांडीवर दाबून धरायचे आणि तिला शिव्या द्यायचे. ती म्हणायची, "हालाव ना हात." तिनं बिल लावलं नाही, म्हणून तिचं नाव कुणी घेत नाही.

आता तुमचा प्रश्न. हाडातल्या पेशींचा लकव्यावर काय उपयोग होतो, हे आपल्याच देशात तपासून झालंय. पाच केंद्रांत मिळून १२० रुग्ण, निम्म्यांना शिरेतून पेशी दिल्या, निम्म्यांना नाही. २०१४ साली निकाल छापून आला. त्रास झाला नाही, पण फायदाही दिसला नाही. ज्यांच्यापासून मेंदूच्या पेशी बनतात त्या खऱ्या स्टेम सेलचं काम वेगळं आहे. ग्लासगोत लकव्याच्या ११ रुग्णांच्या थेट मेंदूत त्या सोडल्या, २०१६ मध्ये अहवाल आला. थोडी सुधारणा दिसली, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता, त्यामुळे त्यावरून उड्या मारण्यात अर्थ नाही. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, मात्र गाडी पुढे गेलीय. जपानात क्योटोला आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी परत मूळ अवस्थेत नेऊन बनवलेल्या) डोपामिन हे हालचालीला लागणारं मेंदूतलं रसायन बनवणाऱ्या पेशींची आधीची अवस्था तयार करून सात जणांच्या मेंदूत बसवली, दोन वर्षं पाहिलं. गंभीर त्रास नाही आणि काहींची हालचाल सुधारली. हे २०२५ मध्ये आलं. पण पार्किन्सनमध्ये मुख्यतः एक मोटर जळालेली असते, लकव्यात विहीर, मोटर, पाइपलाइन सगळंच जातं.

आणि "नुकसान तर काही नाही ना" हे वाक्य घरात कुणालाही बोलू देऊ नका. एका इस्रायली मुलाला मॉस्कोत गर्भातल्या मेंदूच्या स्टेम सेल दिल्या होत्या, काही वर्षांनी त्याच पेशींपासून मेंदूत आणि मणक्यात गाठी झाल्या. २००९ मध्ये ते छापून आलंय. आयसीएमआरची, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची नियमावली तर सरळ सांगते की रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच, म्हणजे रुग्णांवरच्या रीतसर संशोधनातच, द्यायचे.

मी संशोधनाच्या विरोधात नाही, तेवढं लिहून ठेवते. खरी चाचणी सापडली तर वडिलांना जरूर दाखवा. सीटीआरआय म्हणजे अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही, तिच्या वेबसाइटवर नोंदणी नंबर टाकून बघा, फुकट दिसतं. नुसत्या नंबरावर भुलू नका, पैसे कोण भरणार तेही विचारा. चाचणीतल्या उपचाराचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात. दीड वर्षानंतर व्यायामाचा उपयोग नाही असं कुणी म्हणालं तर तेही खरं नाही, सुधारणा हळू होते इतकंच. बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र चुकवू नका. आणि भावंडांत ठरवून घ्या, पैसे कुणी दिले यावरून गुण कशाचा हे ठरणार नाही. आमच्याकडे तेच ठरलं, म्हणून मायचं नाव मागे पडलं.

दादा, तूही हे वाचशीलच. ती फाइल अजून कपाटात आहे. बिलावर कुठे सीटीआरआयचा नंबर सापडला तर फोटो काढून पाठव.