वस्तुचित्राचं, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तूंच्या चित्राचं (स्टिल लाइफ), प्रात्यक्षिक समोर बसून बघावं का, की व्हिडिओ बघून फोटोवरून सराव केला तरी चालतं?

नाही चालत. वस्तुचित्राच्या बाबतीत तरी अजिबात नाही. आणि समोर बसायचं ते चित्रकार रंग काढतो तेव्हापासून नव्हे, वस्तू मांडायला घेतो तेव्हापासून. लोक पोचतात तोवर टेबल लावून झालेलं असतं, आणि व्हिडिओत तर तो भाग कापूनच टाकतात. आपल्याकडे सवयही तशीच लागते. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना वस्तू मांडलेल्याच मिळतात, त्यामुळे मांडणी हे दुसऱ्या कुणाचं तरी काम, असं डोक्यात बसतं ते बसतंच.

कॉलेजात असताना कोल्हापूरच्या एका ज्येष्ठ चित्रकारांकडे सुट्टीत जाऊन बसायची परवानगी मिळाली होती. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. एके दिवशी सकाळी सरांनी मांडायला घेतलं: तांब्याची घागर, लोणच्याची चिनी मातीची बरणी, थोडे कांदे आणि खाली जुना खण. घागर घरच्यांनी मुद्दाम चिंच लावून लखलखीत करून ठेवली होती. सरांनी ती परत पाठवली आणि माळ्यावरची काळवंडलेली काढायला लावली. तिचा फक्त खिडकीकडचा खांदा स्वतः चिंचेनं घासला, बाकीची तशीच ठेवली. म्हणाले, "सगळीच चमकली तर बघणाऱ्यानं बघायचं कुठं?"

मग खिडकी. उत्तरेची होती, म्हणजे ऊन थेट आत येत नव्हतं. तिचा खालचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकला, उजेड वरून यावा आणि सावल्या टेबलावर नीट पडाव्यात म्हणून. बरणी विटेवर चढवली, उतरवली, पुन्हा चढवली. एका कांद्याचं साल अर्धवट सोडवून ठेवलं, उजेड त्यातून आरपार जाईल असं. दर वेळी इझेलपाशी, म्हणजे कॅनव्हास ठेवायच्या घोडीपाशी, जायचं, डोळे किलकिले करून बघायचं, परत टेबलापाशी. घागरीची कड बरणीच्या कडेला नुसती टेकत होती, ती त्यांना खुपत होती. शेवटी घागर बरणीच्या मागे सरकवली तेव्हा कुठे दोन वस्तूंमध्ये हवा आली, म्हणजे एक पुढे नि एक मागे अशी वाटायला लागली. जेवणाची वेळ झाली तरी एकाही ट्यूबचं झाकण उघडलं नव्हतं.

फ्रेंच चित्रकार सेझान फळांखाली नाणी सरकवून ती हवी तेवढी कलती करायचा. इटालियन चित्रकार मोरांदी बोलोन्यातल्या आपल्या खोलीत टेबलावरच्या कागदावर बाटल्यांच्या जागा आखून ठेवायचा. हे आपण पुस्तकात वाचतो आणि विक्षिप्तपणा म्हणून सोडून देतो. समोर बघितलं की कळतं, चित्राचा निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो.

रंगवणं त्यामानानं भराभर झालं. बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कॅनव्हासवर पुसून घेतला, ब्रशनंच रेखाटन, आधी गडद भाग. ते तुम्हाला माहीत असणारच. मला सांगायचंय ते शेवटच्या दोन फटकाऱ्यांबद्दल. बरणीच्या झिलईवरचा उजेड त्यांनी पांढऱ्यात जेमतेम निळा मिसळून ठेवला. आता तोच ब्रश घागरीवर जाणार असं मला वाटलं, तर त्यांनी ब्रश बदलला आणि पांढऱ्यात किंचित नारिंगी घेतला. झिलई खिडकीचा उजेड जसाच्या तसा परतवते, तांबं मात्र त्याला आपला रंग देऊन परतवतं. फोटोत या दोन्ही जागी बहुतेक वेळा पांढराफटक डाग येतो.

माझ्या वर्गातला एक मित्र आजही म्हणतो, कॅमेरा काय नि डोळा काय, दोघांनाही दिसतो तो उजेडच. हा वाद आमच्यात कॉलेजपासून आहे आणि मला त्याचं म्हणणं अजिबात पटत नाही. कॅमेरा साध्या फोटोत एकच एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा याचं एकच माप, धरतो. डोळा सावलीत शिरला की सावलीला सरावतो, उजेडात आला की उजेडाला. त्या दिवशी घागरीच्या पोटाखालच्या सावलीत खणाचा लालपणा स्पष्ट चढलेला दिसत होता. मित्राच्या चित्रांत सगळ्या वस्तूंच्या सावल्या एकसारख्या काळ्या असतात. चित्रं विकली जातात, त्याबद्दल आनंद आहे, पण त्यानं सावल्या बरोबर ठरत नाहीत.

फोटो कधीच वापरू नये असं मात्र नाही. रांगतं मूल, पळणारं जनावर, मुदतीत द्यायचं काम, इथे त्याशिवाय भागत नाही. ब्रश कसा धरलाय हे थांबवून थांबवून बघायला व्हिडिओही उपयोगी. आणि प्रत्येक नावाजलेला चित्रकार प्रात्यक्षिकात काही शिकवतोच असंही नाही, काही जण लोकांसमोर नुसती सफाई दाखवतात.

तुमच्या गावात कुणीच नसेल तर एक तांब्याचं भांडं आणि एक बरणी खिडकीशी मांडा, मोबाइलवर फोटो काढा आणि मोबाइल त्या वस्तूंशेजारीच धरून दोन्हींवरचा उजेड नि सावल्या ताडून बघा. मित्राला हे किती वर्षं सांगतोय. तुम्ही केलंत तर काय दिसलं ते खाली लिहा, मी त्याला पाठवेन.