मासोळी पथ्याची झाली, फोडणीचं काय?

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंना संधिवात आहे, ऑटोइम्यून पथ्य (शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा आजारांसाठीचं; धान्य, डाळी, बिया, अंडी, मिरची वगैरे आधी पूर्ण बंद, मग एकेक करून परत चालू) सुरू करून महिना झाला, तरी सकाळी बोटं आखडतात आणि पथ्याची मासोळी पाणचट होते म्हणून त्या ताट सरकवतात. आमच्या घरी अगदी हाच त्रास होता, म्हणून सविस्तर लिहितो. काय बंद, काय चालू ही यादी तुमच्याकडे असणारच. मी डॉक्टर नाही. या पथ्याचा अभ्यास अजून थोडाच झालाय, त्यामुळे आईंच्या चालू गोळ्या याच्या भरवशावर कमी करू नका.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते एका दवाखान्यातून मिळालेल्या छापील कागदाने. 'तिखट-तेल कमी, डाळ रोज, जवस भरपूर.' धडधाकट माणसासाठी उत्तम सल्ला, पण या पथ्यात डाळ आणि जवस दोन्ही बंद. आणि 'कमी' हा शब्द तर इथे कामाचाच नाही. पहिल्या टप्प्यात मिरची पूर्ण बंद असेल तरच नंतर कळतं की त्रास कशाने होतो. चिमूटभर रोज जात राहिली तर महिनाभराचं पथ्य पाण्यात. विचारायला गेलो तर तोच कागद पुन्हा हातात. असो.

मासोळी सहसा घात करत नाही, फोडणी करते. डबीतल्या हिंगाच्या मागचं बारीक वाचा, बहुतेक डब्यांत गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक असतो. जिरे, मोहरी, धने या बिया, म्हणून बंद. सांबार (कोथिंबीर) मात्र पान आहे, भरपूर घाला. काळी मिरीही सुरुवातीला नको. आणि हळद! गावातल्या ज्या चक्कीवर आधी मिरची दळली, त्याच चक्कीतून तुमची हळद निघते. वर्षाचं तिखट दळायच्या दिवसांत तर विचारूच नका. अख्खी हळकुंडं आणा (आपल्याकडे विदर्भात वायगावची मिळते, २०१६ पासून भौगोलिक मानांकन असलेली), खलबत्त्यात फोडून घरच्या मिक्सरमध्ये काढा. मिरचीचा पाटा-वरवंटाही वेगळा ठेवा.

आता स्वयंपाक. तिघांना अर्धा किलो मरळ घ्या. रोहू-कतला चालतात, पण बारीक काट्यांमुळे आखडलेल्या बोटांनी ते निवडणं हाल आहेत. तुकडे दोन बोटं जाड. पोटातली काळी पापडी आणि कण्यालगतचं रक्त खरवडून काढा. मग एक चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, एका लिंबाचा रस लावून दहा मिनिटं ठेवा आणि धुवून टाका. तळ्याच्या मासोळीचा चिखलट वास आंबटाने कमी होतो. पण अर्धा तास ठेवाल तर मांस भुसभुशीत होऊन रश्श्यात सुटेल.

पाणचट होण्याचं कारण साधं आहे. दाणे, खसखस, तिखट काढलं, पण पाणी नेहमीएवढंच टाकलं. पाव किलो लाल कोहळं (लाल भोपळा) कुकरला दोन शिट्ट्या देऊन घोटून घ्या, दाटपणा तेच देतं. गंजात (पातेल्यात) तीन चमचे खोबरेल तेल (खाद्य लिहिलेलं, डोक्याचं सुगंधी नव्हे), दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, कढीपत्ता. मोठा कांदा बारीक चिरून चांगला लाल करा. तिखट नाही म्हणजे रंग आणि चव याच कांद्यातून यायची आहे, इथे घाई करू नका. दोन चमचे आलं-लसूण, हळद, कोहळं, दीड वाटी गरम पाणी. पाच मिनिटं उकळलं की लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ आणि मासोळी. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं. पळी घालायची नाही, गंजच धरून फिरवायचा. उतरवताना दोन पाकळ्या कच्चा लसूण ठेचून आणि मूठभर सांबार, वर झाकण दोन मिनिटं. त्या लसणाने थोडा झणका येतो, नाहीतर आपल्या माणसाला जेवल्यासारखं वाटत नाही. गंज स्टीलचा घ्या, जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) भांड्यात चिंच उकळू नका.

पावसाळ्यात चिंचेऐवजी अंबाडीची कोवळी पानं घाला, माझ्या मते चिंचेपेक्षा सरस.

अजून दाट हवं तर दुकानातलं 'आरारूट' घेऊ नका, बऱ्याचदा तो मक्याचा स्टार्च असतो. शिंगाड्याचं पीठही नको, तो कंद नाही, बी आहे. गोंदिया-गडचिरोलीकडे जंगलातल्या कंदाचं तिखूर मिळतं, एक चमचा थंड पाण्यात कालवून शेवटी सोडा.

भात-भाकरी बंद, हे आईंना सगळ्यात जड जाईल. उकडलेलं रताळं कुस्करून त्यावर रस्सा वाढा. आणि बरं वाटायला लागलं की एका दिवसात सगळं चालू करू नका. आधी तूप किंवा अंड्यातला पिवळा बलक, एका वेळी एकच पदार्थ, मध्ये पाच-सात दिवस. मिरची सगळ्यात शेवटी.