फाउंडेशन लावलं की चेहरा राखाडी आणि मान वेगळी दिसते. सहज, एकसारखं दिसावं म्हणून काय करू?

तुमची शेड चुकतेय. एक पायरी गडद आणि पिवळसर किंवा सोनेरी झाक असलेली घेऊन बघा. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर जास्त उजळ किंवा गुलाबी झाकेचं फाउंडेशन राखाडी दिसतं, कारण त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य वर उठून येतं. मी नवरीचे मेकअप करते, तिथे हा घोळ कायमचाच (‘जरा उजळच लाव गं’ हा आग्रह बहुधा एखाद्या मावशीचा). शेड मनगटावर बघू नका. जबड्याच्या कडेला लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, कारण काही फाउंडेशन लावल्यावर थोडी गडद होतात, आणि मग दुकानाच्या दाराशी येऊन दिवसाच्या उजेडात बघा. लावताना आधी मॉइश्चरायझर मुरू द्या. वाटाण्याएवढं फाउंडेशन नाकाच्या बाजूंपासून बाहेर, ओल्या पिळलेल्या स्पंजने थोपटत न्या. घासलं की पट्टे उठतात. दुसरा थर फक्त डागांवर. मात्र मान मुळातच चेहऱ्यापेक्षा बरीच गडद असेल, तर दोन्हींच्या मधली शेड घेऊन ती मानेवर उतरवावी लागेल.