देश श्रीमंत झाला की हवा आपोआप स्वच्छ होते का?

तुमचा प्रश्न असा: युरोप-अमेरिका आधी धुरात काळे झाले, मग श्रीमंत झाले आणि त्यांची हवा सुधारली. तर आपणही आधी पैसा कमवावा, हवेचं नंतर बघू, यात चूक काय?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या, चंद्रपूरला लागून असलेल्या वणी तालुक्यात कापूस पिकवतो. वावर कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्याला लागून आहे. अर्थशास्त्रात एम. ए. केलं होतं, ते अशा वेळी तरी कामाला येतं.

तुम्ही म्हणता त्याला नाव आहे, पर्यावरणीय कुझनेट्स वक्र. सायमन कुझनेट्स बिचारे १९५५ साली उत्पन्नातल्या विषमतेबद्दल बोलत होते, हवेबद्दल नाही. पुढे जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांना प्रदूषणाच्या आकड्यांतही पालथ्या घमेल्यासारखा तोच आकार दिसला. उत्पन्नासोबत प्रदूषण आधी चढतं, मग उतरतं. १९९५ च्या त्यांच्या लेखात बहुतेक प्रदूषकांची उतरण दरडोई ८,००० डॉलरच्या आत (१९८५ च्या किमतीने) सुरू होत होती. हे आपोआप होतं असं मात्र त्यांनी म्हटलेलं नाही. लोक मागणी करतात, सरकारं नियम करतात, म्हणून ते होतं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. भाषणांत वक्र येतो, ही ओळ येत नाही.

लंडनचंच घ्या. पैसा तिथे शंभर-दीडशे वर्षं होताच, आणि घराघरातल्या शेगडीत कोळसाही होता. डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस धुरकं बसलं, हजारो माणसं गेली, तेव्हा कुठे १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. चीनने २०१३ साली हवेचा आराखडा हाती घेतला आणि पुढच्या सात-आठ वर्षांत पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, साधारण चाळीस टक्क्यांनी खाली आणलं. अर्थव्यवस्था त्या काळातही वाढतच होती. आपल्याकडे औष्णिक वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडचे नियम डिसेंबर २०१५ मध्ये आले, मुदत दोन वर्षांची. ती वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना धूर धुण्याचं यंत्र बसवण्यातून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी असतं हे कारण त्यात आहे, आणि ते खोटं नाही. पण राखेचं काय? शंभर किलो कोळसा जाळला की तीस-चाळीस किलो राख उरते.

आता आमच्याकडचं. चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं. चंद्रपूरहून एक उच्चदाब वाहिनी थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला जाते, साडेसातशे किलोमीटर. वीज तिकडे पोचते, राख इकडे राहते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथं आलं. (यात जास्त गुण म्हणजे नापास.) महाराष्ट्र नावाचा एकच ठिपका वक्रावर ठेवला की यातलं काही दिसत नाही. काही गावं उतरणीला लागतात, कारण त्यांचा चढ दुसऱ्या कोणाच्या तरी गावात चालू असतो.

पैशाने धूर कमी होतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. माझी आई चुलीपाशी बसून बसून खोकायची. घरात गॅस आला आणि स्वयंपाकघराची भिंत पुन्हा पांढरी करता आली. उज्ज्वला योजना २०१६ ची, तेव्हा गावातल्या बऱ्याच घरांत सिलिंडर पोचलं. ते भरून आणणं वेगळं. कापूस विकला की सिलिंडर येतं, उन्हाळ्यात हात आखडतो. आंघोळीचं पाणी अजूनही अंगणात तुराटीवरच तापतं. आणि एक गोष्ट मला कुठल्या पुस्तकात भेटली नाही. पूर्वी पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून उरलेली झाडं, उपटून, मोळ्या बांधून घरी यायची, कारण तेच जळण होतं. आता जळणाची तेवढी गरज नाही, मजुरी वाढली, वर बोंडअळीच्या भीतीने पऱ्हाट्या काढून वावर लवकर मोकळं करायचं असतं. मग वावरातच काडी ओढली की झालं. चुलीतला धूर धुऱ्यावर आला.

रस्त्याकडची पहिली दहा-बारा तासं, म्हणजे कापसाच्या ओळी, आमच्याकडे काळी म्हणूनच ओळखली जातात. सकाळी बोंडावर दव असतं, त्यावर ट्रकची धूळ बसते आणि ऊन तापेपर्यंत कापसाला चिकटते. झटकून निघत नाही. वेचणाऱ्या बाया त्या तासांना किलोमागे जास्त मागतात, आणि त्यांचं चुकत नाही, नाकाला बांधलेला दुपट्टा दुपारी बघवत नाही. व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात घालून खालचा कापूस ओढतो, बोटांवर चोळतो आणि काही न बोलता भाव खाली सांगतो. त्या ट्रकांमधला एक माझ्या चुलतभावाचा आहे. त्याच्या हप्त्यांवर त्याचं घर चाललंय, म्हणून ट्रक बंद करा म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

तुमच्या ‘नंतर बघू’वर माझ्याकडे एवढंच आहे. मध्ये एका हंगामात गावाने रस्ता अडवला. त्यानंतर दोन-तीन महिने ट्रक ताडपत्री बांधून जायचे, दिवसातून दोनदा टँकर पाणी मारायचा. त्या वर्षी पाचव्या-सहाव्या तासापासूनच कापूस पांढरा निघाला. तेवढ्या दिवसांत देश काही श्रीमंत झाला नव्हता आणि कोळसाही एक खेप कमी गेला नव्हता. मग कोणी विचारेनासं झालं. टँकर आता साहेब येणार असले की दिसतो. भावाची ताडपत्री या पावसात माझ्या सोयाबीनच्या गंजीवर होती. मी परत करायला गेलो तर म्हणाला, राहू दे तुझ्याकडेच, मला काय कामाची.